गारठ्याचे मानकरी

दसरा झाला की कृष्णेचं पाणी निवळतं आणि सांगलीतली माणसं बिघडतात.

श्रावण-भाद्रपदात नदीवर हक्क असतो तो पोरांचा. पूर चढला की १९२९ सालच्या आयर्विन पुलावरून उडी टाकायची, गढूळ पाण्यात दिसेनासं व्हायचं आणि काठावरच्या बघ्यांनी पुरेशी हळहळ व्यक्त केल्यावर बरंच खाली कुठेतरी डोकं वर काढायचं, हा त्यांचा धंदा. पोलीस शिट्ट्या मारतात, पेपरात फोटो येतात, घरी मार पडतो. मग पूर ओसरतो, गाळ खाली बसतो, ओढ कमी होते आणि पाण्याला पुन्हा पाण्याचा रंग येतो. पोरं अभ्यासाला लागतात किंवा लागल्यासारखं करतात आणि त्यांचे बाप नदीवर येतात. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, सकाळची रक्तदाबाची गोळी खिशात ठेवलेले हे बाप. पहाटे साडेपाचला, अंधारात, डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, काखेत टॉवेल. पोहायला निघालेला माणूस इतके कपडे का घालतो, असं बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं. कपडे घातल्याशिवाय ते काढण्याचं शौर्य दाखवता येत नाही, हे त्याच्या लक्षात यायला दोन दिवस लागतात.

मीही उतरतो. पण उशिरा उतरतो, त्यामुळे पायरीवर बसून बघायला भरपूर वेळ मिळतो.

आता एक गुपित फोडतो. यानंतर घाटावर माझ्याशी कोण बोलेल ते सांगता येत नाही, पण कधीतरी कुणीतरी हे लिहायलाच हवं होतं. कार्तिकात पहाटे नदीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार असतं. चांगलं ऊबदार असतं. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. ऑक्टोबरच्या दुपारी सांगलीत जे ऊन पडतं, ज्याच्या नावाने आपण महिनाभर खडे फोडतो, ते सगळं नदीने पोटात साठवून ठेवलेलं असतं. हवेला असली साठवण जमत नाही. सूर्य गेला की ती दोन तासांत पाठ फिरवते. नोव्हेंबरात पहाटे बाहेरचा पारा सोळा-सतरापर्यंत उतरलेला असतो आणि नदी मात्र अजून विशीच्या वर निवांत असते. पुरावा डोळ्यांसमोर तरंगत असतो. पाण्यावर जी वाफ दिसते, जिचे मोबाइलवर फोटो काढून ‘गारठा!’ असं लिहून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवले जातात, ती गारठलेल्या पाण्याची नसतेच. पाणी कोमट आणि हवा थंड, म्हणून ती उठते. चहाच्या कपावर उठते तीच.

मग पाय घालताच माणूस ‘आईऽ गं’ का म्हणतो? तर पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. म्हणजे पाणी गार नसलं तरी वसुलीला कडक असतं. पहिलं अर्धं मिनिट कातडी तक्रार करते, मग गप्प बसते. त्यानंतर पोहणं हा निव्वळ सुखाचा कारभार. खरी बहादुरी लागते ती दोनच ठिकाणी: बनियन काढताना आणि पाण्यातून बाहेर पडताना. मधला पोहण्याचा भाग विश्रांतीचा.

पण हे कबूल कोण करणार? गारठ्यावर घाटावरची सगळी प्रतिष्ठा उभी आहे. “आज काय गार हाय राव, हाडं वाजली,” असं पाण्यात गळ्याएवढा उभा राहिलेला माणूस काठावरच्याला ओरडून सांगतो, तेव्हा तो चेहरा पाडून सांगतो. खाली त्याचे हातपाय सुखाने पसरलेले असतात. काठावरचाही अनुभवी असतो, त्याला सगळं माहीत असतं, पण तोही “व्हय व्हय, कालच्यापेक्षा जास्तच हाय,” म्हणतो. कारण पाच मिनिटांनी त्यालाही तेच सांगायचं असतं. आमच्यातले एक वकीलसाहेब तर याला भूगोलाचा आधार देतात. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, म्हणजे हे महाबळेश्वरचं पाणी, म्हणजे ते थंड असणारच, असा त्यांचा युक्तिवाद. ते पाणी आधी धोमच्या धरणात किती काळ मुक्कामाला होतं, मग वाईला घाट बघत, माहुलीला वेण्णेला भेटत, कऱ्हाडला कोयनेला सोबत घेत, औदुंबरला दर्शन करत, सगळीकडे ऊन खात इथवर आलंय, हे ते कोर्टापुढे ठेवत नाहीत.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं, तेव्हापासून या गावात कुठलाही माणूस साध्या पद्धतीने प्रवेश करत नाही. नदीत तर नाहीच.

एक पंथ इंचाइंचाचा. हे लोक पायरी उतरतात ती तहसील कार्यालयातल्या फायलीसारखी. घोटा झाला की थांबायचं, पिंढरी झाली की थांबायचं, गुडघ्याशी आल्यावर मागे वळून रस्त्याकडे बघायचं. बेंबीपाशी फार मोठा मुक्काम. तिथे दोन्ही हात खांद्याच्या वर धरून, श्वास रोखून, डोळे मिटून हे इतका वेळ उभे राहतात की एखादी नवखी बाई त्यांना नमस्कार करून जाते. दुसरा पंथ मुटकेबाजांचा. वरच्या पायरीवरून धावत यायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि धप्पकन पडायचं. यांना स्वतःला काहीच कळत नाही. गारठा कळतो तो बेंबीपाशी मुक्कामाला असलेल्यांना. दोन्ही पंथांत पिढीजात वैर आहे आणि त्यातून जी भाषा उत्पन्न होते ती कार्तिकाच्या पुण्यातून वजा होत असणार.

तिसरे तांब्यावाले. हे काठावर बसून आधी एक तांब्या पायावर, मग हातांवर, मग ‘हर हर गंगे’ म्हणून डोक्यावर घेतात. नदी कृष्णा असली तरी संकटकाळी हाक गंगेलाच जाते. आणि चौथे, संख्येने सगळ्यांत जास्त, ते उद्यावाले. हे पूर्ण तयारीने येतात. टॉवेल असतो, पंचा असतो, अंगाला तेलही चोळलेलं असतं. पायाचा अंगठा पाण्यात बुडवून ते सगळ्यांच्या वतीने निर्णय देतात, “आज राहू दे, उद्या बघू.” आमच्या घाटावर एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहेत. त्यांचा अंगठा गेली कित्येक वर्षं नियमाने पोहतोय. बाकीचे मास्तर कोरडे. मात्र पाण्याविषयी त्यांच्याइतकं अधिकारवाणीने कुणी बोलत नाही.

या सगळ्या गलबल्यापासून चार पायऱ्या पलीकडे बायकांचा घाट. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर कार्तिकस्नान करणाऱ्या तिथे येतात. बहुतेक सत्तरीच्या आसपासच्या. वर देवळात काकडा सुरू असतो. त्या येतात, पदर खोचतात, आधी पाय ओले करतात, मग हात, मग तोंडावर पाणी, मग एकदम तीन बुड्या. संपलं. पणती लावून जातात. गार आहे की नाही, यावर एकीनेही आजवर मत दिलेलं मी ऐकलं नाही. आमच्या बाजूला तोवर बेंबी ओलांडायची चर्चा चाललेली असते.

गंमत अशी की शास्त्र त्या आक्कांच्या बाजूला आहे. खरोखरच्या गार पाण्यात एकदम उडी घेतली की माणूस तोंड उघडून मोठा श्वास ओढतो. तो त्याच्या हातात नसतो. कातडीच हुकूम सोडते. डोकं त्या क्षणी पाण्याखाली असेल तर श्वासाऐवजी पाणी आत जातं. हृदयही धावायला लागतं. हा दणका पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. इंग्लंडात पोर्ट्समथ विद्यापीठातल्या माइक टिप्टन यांनी या विषयाला आयुष्य वाहिलंय. माणसांना थंड पाण्यात बुडवून बघायचं हीच नोकरी, तीही पगारी. त्यांच्या प्रयोगांतून दिसलं की थोडा थोडा वेळ पाच-सहा वेळा गार पाण्यात उतरलं की हा दणका निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने टिकते. म्हणजे कोजागरीला सुरुवात करणारी आक्का वसुबारसेच्या आधीच पक्की झालेली असते. आणि आधी पाय, मग हात, मग तोंड हा क्रम तिला सासूने शिकवला होता. सासूने पोर्ट्समथ पाहिलं नव्हतं. ही गोष्ट मी एकदा मुटकेबाजांना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मला उचलून पाण्यात टाकलं.

हाच मनुष्यप्राणी घरी कसा असतो, तेही पाहण्यासारखं आहे. नरकचतुर्दशीला पहाटे बायको उटणं लावते, मोती साबण काढून ठेवते, बंबाऐवजी आता गीझर असतो, आणि हा महापुरुष पहिला तांब्या अंगावर घेऊन ओरडतो, “अगं, पाणी कोमट आहे नुसतं! कढत नको का?” तासाभरापूर्वी तो नदीत होता. पण नदीत साक्षीदार असतात, न्हाणीघरात नसतात.

आता मगरीविषयी. सांगलीत पोहण्यावर लिहायचं आणि मगर वगळायची म्हणजे पंढरपूरवर लिहून विठोबा वगळण्यासारखं होईल. कृष्णेत मगरी आहेत. औदुंबर, भिलवडी या पट्ट्यात तर त्यांची वस्ती जुनी आहे आणि वनखात्याच्या पाट्याही आहेत. त्या गावांतल्या लोकांना यात काही विनोद दिसत नाही. मोटार सोडायला पाण्याशी गेलेल्या शेतकऱ्याने, धुणं धुणाऱ्या बाईने मगरीचा दात अनुभवलाय, काही घरांतली माणसं परत आलेली नाहीत. त्यामुळे त्यांच्यापुढे शहाण्या माणसाने मगरीवर कोट्या करू नयेत. सांगलीच्या घाटावरचा माणूस मात्र मगरीविषयी दुरून बोलतो आणि दुरून बोलणाऱ्याला रंगत आणावीच लागते. “परवा बघितली. व्हती की धा फूट.” दुसऱ्या दिवशी ती बारा फूट होते. कार्तिक संपेपर्यंत ती मोजायला टेप पुरत नाही.

पण मला त्या प्राण्याचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. मगरीला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून थंडी पडली की दिवस वर आल्यावर ती पाण्याबाहेर येते, मळीच्या काठावर नाहीतर वाळूच्या पट्ट्यावर आडवी होते आणि जबडा उघडा टाकून तासन्‌तास ऊन खाते. थंडीत मगरी जास्त दिसतात त्या यामुळे. म्हणजे बघा, ज्या ऋतूत पाण्यात जन्म काढलेला प्राणी विचार करून बाहेर येतो, नेमक्या त्याच ऋतूत बँकेतून निवृत्त झालेला माणूस विचार न करता आत जातो. दोघांची काठावर भेट होत नाही ती केवळ वेळापत्रकामुळे. आम्ही सूर्योदयाआधी आत, ती सूर्योदयानंतर बाहेर. मगरीच्या बाजूने पाहिलं तर हा सगळा प्रकार फार चमत्कारिक वाटत असणार. पण आमच्या गावात आणखी एक भीती आहे, ती मगरीहून खरी आहे: शेरीनाला. गावातलं सांडपाणी नदीत कुठे मिळतं आणि आज वारा कुठला आहे, हे सांगलीच्या पोराला हातपाय मारायला शिकवण्याआधी शिकवतात. मगर फार तर एकाला धरेल.

पोहून झालं की टपरी. इथे गारठ्याचा खरा अंमल सुरू होतो. पाण्यात असताना शरीर हातापायांचं रक्त आखडून पोटाकडे घेतं. बाहेर आल्यावर गार पडलेल्या हातापायांतून थंडी हळूहळू आत सरकत राहते. त्यामुळे माणूस पाण्यात असतो त्यापेक्षा बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी जास्त गारठतो. त्या वेळी तो नेमका चहाची बशी हातात धरून उभा असतो. बशीत लाटा उठतात. निम्मा चहा अंगठ्यावर जातो आणि चहावाला, जो स्वतः कधी नदीत उतरलेला नाही, न विचारता दुसरी बशी भरतो. दोन्ही बशा हिशेबात धरल्या जातात. मग कांदाभजी येतात, वर भडंग. अर्धा तास पोहून जे काही जळलं असेल ते पहिल्या प्लेटमध्ये परत मिळतं, दुसरी प्लेट नफा. “पोहायला लागल्यापासून वजन उतरत नाही,” अशी तक्रार घेऊन आमच्यातले एकजण डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की भजी कुठल्या टपरीवर खाता? दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरही यायला लागले.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना वकीलसाहेबांचा पुतण्या दिवाळीला लंडनहून आला.

पोरगं चांगलं आहे. तिकडे तोही नियमाने पोहतो, उघड्यावर. शरद ऋतूत, झाडांची पानं पाण्यावर पडत असताना. त्याने पायरीवर बसून जे सांगितलं त्याने घाटावर पहिल्यांदाच शांतता पसरली. तिथे म्हणे हॅम्पस्टेड नावाच्या भागात तळी आहेत, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, दोघांचं मिळून वेगळं, आणि तिथे बारा महिने पोहतात. हाइड पार्कातल्या सर्पंटाइन तलावावर १८६४ पासून मंडळ आहे. ते नाताळच्या दिवशी सकाळी शर्यत लावतात आणि तिच्या चषकाला पीटर पॅनचं नाव आहे, कारण १९०४ साली तो चषक पीटर पॅनच्या लेखकाने, जे. एम. बॅरींनी दिला. १८७५ मध्ये मॅथ्यू वेब हा पहिला माणूस इंग्लिश खाडी पोहून गेला तो अंगाला डॉल्फिनच्या भाऊबंदांतल्या एका माशाचं तेल फासून, पावणेबावीस तास. (तो मासा नव्हेच, सस्तन प्राणी आहे, असं मास्तर म्हणाले. त्यांचा अंगठा तेव्हा पाण्यात होता.) आणि लुईस प्यू नावाच्या गृहस्थांनी २००७ मध्ये उत्तर ध्रुवावर उणे १.७ अंशाच्या पाण्यात एक किलोमीटर अंतर कापलं, साध्या चड्डीवर. खारं पाणी शून्याला गोठत नाही, म्हणून हे जमतं. पाच अंश किंवा त्याहून गार पाण्यात मैलभर पोहण्याचे तर रीतसर नियम आहेत: एक पोशाख, एक टोपी, एक चष्मा.

“आणि तेल?” तांब्यावाल्यांपैकी एकाने विचारलं.

“नाही काका, तेल नाही.”

“मग काय उपयोग,” काका म्हणाले.

पुतण्याने स्वतःचं सामानही दाखवलं. रबराचा अंगभर सूट, कमरेला दोरीने बांधायचा नारिंगी फुगा, पोहून आल्यावर घालायचा आतून लोकरी अस्तराचा घोळदार झगा. फुग्यावर मात्र सर्वांचं एकमत झालं, की आमच्या लहानपणी पाठीला बांधत तो भोपळा आणि पुढे आलेला तेलाचा रिकामा डबा यांचंच हे शिकलेलं नातवंड आहे. सुटाविषयी मुटकेबाज म्हणाले, हा घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आम्ही पैलतीराला जाऊन येतो. इथवर सगळं गोडीत चाललं होतं. मग तो म्हणाला, की तिकडे तळ्यावर एक फळा असतो. त्यावर रोज पाण्याचं तापमान खडूने लिहितात, म्हणजे किती वेळ आत राहायचं ते प्रत्येकाला ठरवता येतं. आपणही तसं करू या. आणि खिशातून त्याने तरंगणारा थर्मामीटर काढला.

घाटावर कुणी काही बोललं नाही. उद्यावाले परवा म्हणायला लागले. वकीलसाहेबांनी पुतण्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने ते उलटलेल्या साक्षीदाराकडे पाहत असतील. पण दिवाळीचा पाहुणा, त्यातून परदेशचा. नाही कोण म्हणणार? थर्मामीटर दोरीने पाण्यात सोडला. पाच मिनिटांनी वर काढला. पोरगं मोठ्याने वाचायला लागलं, “चोवीस अंश! काका, हे तर गरमच आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्येसुद्धा इतकं—”

“बाहेर किती दाखवतोय?” कुणीतरी विचारलं.

“सतरा.”

पलीकडून एका आक्काने पदर पिळता पिळता एवढंच म्हटलं, “मग बाहीर कशाला बसलाय? आत या की.” आणि ती पणती घेऊन वर गेली.

त्यानंतर पायरीवर रीतसर बैठक झाली. वकीलसाहेबांचं म्हणणं पडलं, की हे यंत्र इंग्लंडच्या पाण्यासाठी बनलेलं आहे. त्याला कृष्णेच्या पाण्याचा अंदाज यायला हवा, एका दिवसात कसा येईल? मुटकेबाजांनी सुचवलं, की काठाला पाणी ऊबदारच असतं, खरा गारठा डोहात, आणि डोहात कुणी यंत्र नेऊ नये, कारण तिथे सुसर आहे. डॉक्टरांनी वैद्यकीय मत दिलं, की गारठा ही मोजण्याची गोष्ट नसून भोगण्याची आहे. ठराव एकमताने झाला. फळ्यासाठी कुणी वर्गणी काढली नाही. पुतण्या भाऊबीज आटोपून गेला, जाताना थर्मामीटर घाटाला भेट देऊन गेला.

तो सध्या मास्तरांच्या नातवाच्या फिशटँकमध्ये आहे. तिथे, मास्तर सांगतात, अगदी अचूक दाखवतो.